झाकली मूठ : नाण्यांची हातचलाखी शिकणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : "वय २७. सहा महिने व्हिडिओ बघून नाणं गायब करायला शिकतोय. आरशासमोर जमतं. पण भाचीच्या वाढदिवसाला करून दाखवलं तर सात वर्षांची भाची लगेच म्हणाली, 'मामा, त्या दुसऱ्या हातात आहे.' सगळे हसले. माझे हात लहान आहेत म्हणून असं होतंय का? कुठली नाणी वापरावीत? पुढे लोकांसमोर करायचं असेल तर काय काय शिकावं?"

हात लहान असतीलही, पण भाचीने पकडलं ते त्यामुळे नाही. मी अठ्ठावीस वर्षं नाण्यांचे प्रयोग करतोय, त्यातली सोळा वर्षं लग्नांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत एकेका टेबलापाशी जाऊन. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीच्या तळहातात दहाचं नाणं जेमतेम मावतं. तिचं काम माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

तुम्ही सहा महिने ज्या हाताचा सराव केलात तो हात चुकीचा होता. नाणं ज्यात लपतं, तो. बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात, कारण तिथे नाणं असतं आणि भीतीही तिथेच असते. पण बघणाऱ्याचं लक्ष त्या हाताकडे जातं कधी? दुसऱ्या हातात नाणं आलंय हे त्याला पटत नाही तेव्हा. ते पटलं असेल तर तुमचा उजवा हात उघड्यावर लोंबकळत असला तरी कुणी त्याच्याकडे बघत नाही. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपली सगळी कला त्या रिकाम्या झाकल्या मुठीत आहे, आणि सराव तिचा करायचा असतो.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते पोस्टात नोकरीला होते, संध्याकाळी घरी शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक रुपया दिला आणि म्हणाले, "हा उजव्या हातातून डाव्या हातात ठेव." ठेवला. "परत ठेव." पंधरा दिवस एवढंच. लपवायचं काही नाही, नाणं खरोखरच डाव्या हातात जायचं. मला वाटलं, शिकवायचं टाळतायत. सोळाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "खरं ठेवताना तुझा डावा हात नाणं घ्यायला वर येतो की जागेवर थांबतो?" मला सांगता येईना. "नाणं टेकल्यावर पहिलं कुठलं बोट मिटतं? तुझी नजर नाण्याबरोबर जाते की आधीच पोचते?" तेही सांगता येईना. मग म्हणाले, "आता खोटं ठेव." मी ठेवलं. खोटं ठेवताना माझा डावा हात दोन बोटं जास्त वर आला, मूठ घट्ट आवळली गेली आणि श्वास रोखला गेला. ते मलाही कळलं, कारण खरं ठेवणं कसं असतं हे पंधरा दिवस हातात मुरलं होतं.

तुमच्या भाचीने हेच पाहिलं. "मूठ आवळली, म्हणजे खोटं आहे" असं तिने मनात मांडलं नसेल. काहीतरी वेगळं झालं एवढं तिला दिसलं, आणि वेगळं झालं की मूल दुसऱ्या हाताकडे बघतं.

तेव्हा आता एक आठवडा काहीही गायब करू नका. नाणं खरोखर ठेवा, रोज शंभर वेळा, आणि स्वतःला बघा. नाणं उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आणि अनामिकेवर पडलेलं असू द्या, तळहाताला लागून जे पेर आहे त्यावर. हात डाव्या तळव्यावर पालथा होतो, नाणं घसरून तिथे पडतं, उजव्या हाताची बोटं क्षणभर डाव्या तळव्याला टेकलेली राहतात. डावा हात मिटायला लागतो तो करंगळीच्या बाजूने. मूठ पूर्ण बंद होत नाही, आत नाण्याएवढी जागा राहते, अंगठा बाजूला सैल पडतो. मग डावा हात निघून जातो, पुढे किंवा वर. उजवा हात जिथे होता तिथेच राहतो आणि हळूहळू खाली येतो.

आता खोटं. सगळं तेच, फक्त हात पालथा होताना मधलं बोट आणि अनामिका किंचित मिटलेली राहतात, त्यामुळे नाणं घसरत नाही, पेरांच्या घडीत अडकून राहतं. याला फिंगर पाम म्हणतात आणि नाणं धरायच्या सगळ्या पद्धतींत ही सगळ्यात सोपी. सोपी म्हणून कमी दर्जाची समजू नका. आजही माझ्या प्रत्येक कार्यक्रमात निम्म्याहून जास्त काम याच पकडीवर चालतं.

यात एक चूक नव्वद टक्के शिकणाऱ्यांकडून होते असं माझा अनुभव सांगतो : उजवा हात पळतो. नाणं त्याच्यात राहिलंय हे मनाला माहीत असतं, म्हणून तो झटकन मांडीकडे, खिशाकडे, पाठीमागे जातो. चोराच्या मनात चांदणं. जो हात आधी हलतो त्याच्यावर डोळा जातो. म्हणून डाव्याला आधी जाऊ द्या, आणि उजव्याला काहीतरी साधं काम द्या. तर्जनीने डाव्या मुठीकडे बोट दाखवणं पुरेसं आहे. बोट दाखवणारा हात रिकामाच असतो असं आपण सगळे गृहीत धरतो.

नजरेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे माझं बोलणं अनुभवापुरतं नाही. २००६ मध्ये गुस्ताव कुन आणि मायकेल लँड या संशोधकांनी चेंडू हवेत नाहीसा होण्याचा जुना प्रयोग तपासला. चेंडू दोनदा खरा उडवायचा, तिसऱ्यांदा नुसता हात उडवायचा, चेंडू हातातच. तिसऱ्या वेळी जादूगाराने वर पाहिलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला 'दिसला'. त्याने हाताकडे पाहिलं तेव्हा असं वाटणारे सुमारे एक तृतीयांशच उरले. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तर लोक वारंवार जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते असं आढळलं. चेंडू कुठे आहे हे ते त्याच्या डोळ्यांवरून ठरवत होते. म्हणजे डावी मूठ निघाली की तुमची नजर तिच्याबरोबर निघाली पाहिजे, आणि तुम्हाला त्या मुठीत खरंच रस असला पाहिजे. तिच्याकडे बघत असतानाच एकदा पटकन उजव्या हातावर नजर टाकलीत तर सगळं संपलं. सात वर्षांचं मूल ते टिपतंच.

आरशाबद्दल. आरसा एकाच कोनातून दाखवतो, आणि नेमक्या खोट्या क्षणी माणूस डोळे मिचकावतो. हे मला फार उशिरा कळलं. मी वर्षभर आरशासमोर सराव केला आणि तो क्षण कधी पाहिलाच नव्हता. तुमच्याकडे फोन आहे, आमच्याकडे नव्हता. तो टेबलावर उभा करा आणि वीसदा नाणं ठेवा, त्यातलं कधी खरं, कधी खोटं, कुठलं कधी ते कागदावर लिहून. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून बघा आणि कुठलं खोटं ते ओळखायचा प्रयत्न करा. बहिणीला किंवा मित्राला बघायला सांगितलंत तर आणखी चांगलं. वीसपैकी दहा-अकराच्या आसपास ओळखता आलं, म्हणजे निव्वळ अंदाजाएवढंच, तर तुमचं खोटं खऱ्यासारखं झालं. सतरा-अठरा ओळखली तर परत आठवडाभर खरं ठेवायला बसा.

तुम्ही व्हिडिओत शिकलात ती फ्रेंच ड्रॉप असावी, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांवर ताटलीसारखं आडवं धरून दुसऱ्या हाताने वरून उचलल्याचा भास. ती वाईट नाही, शेकडो वर्षं टिकली आहे. पण भाजीवाल्याला पैसे देताना तुम्ही नाणं कधी असं धरता का? जे आयुष्यात कुणी करत नाही ते केलं की आधीच शंका येते. म्हणून नवशिक्याला मी ती शिकवत नाही.

आता नाणी. इथे आपल्याकडच्या शिकणाऱ्यांची मोठी अडचण होते आणि कुणी नीट सांगत नाही. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिकन हाफ डॉलर धरून चालतात. तो ३०.६ मिलिमीटर रुंद आणि ११.३४ ग्रॅम वजनाचा. काही जण तर जुना चांदीचा डॉलर वापरतात, ३८.१ मिलिमीटरचा. आपलं आजचं रुपयाचं नाणं जेमतेम २० ते २२ मिलिमीटर, वजन तीन ते पावणेचार ग्रॅम. व्हिडिओतला माणूस जे करतोय ते तुमच्या रुपयाने होत नाही, आणि तुम्ही स्वतःच्या हातांना दोष देत बसता. लहान नाणं तळहातात धरणं मोठ्यापेक्षा अवघड असतं, कारण त्याला दोन्ही बाजूंनी दाबायला तळव्याचं मांस पोचत नाही.

चालू नाण्यांत दहाचं घ्या. २७ मिलिमीटर, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, बाहेर पिवळं कडं आणि आत पांढरा गाभा. हातभर अंतरावरूनही दिसतं आणि हलवलं की चमकतं. वीसचंही २७ मिलिमीटरचंच, जरा जड, पण बाराकोनी. तळहातात त्याचे कोन टोचतात आणि बोटांवर फिरवताना ते अडखळतं. दोनचं नाणं टाळा, त्याला एक खास कारण आहे : २०११ च्या मालिकेतलं दोनचं आणि नव्वदीतलं रुपयाचं नाणं दोन्ही २५ मिलिमीटरची आणि वजनालाही सारखी. बघणारा "हे एक की दोन?" यातच अडकतो आणि त्याला आश्चर्य वाटायचं राहून जातं. पाचचं जुनं जाड नाणं, ९ ग्रॅमचं, घरात कुठे सापडलं तर जपून ठेवा. लहान असलं तरी वजनदार आहे, आणि वजन असलं की हाताला नाणं कुठे आहे ते न बघता कळतं.

आणि सगळ्यात चांगलं नाणं कदाचित तुमच्या घरातच असेल. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया, राणी छाप. वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, रुंदी साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. आकडे परत बघा : हाफ डॉलरला जवळजवळ जुळतात. पुस्तकातलं सगळं तंत्र या रुपयाला लागू पडतं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या डबीत तीन होते, त्यातला एक मी आईला विचारून घेतला, तो आजही माझ्या खिशात असतो. काठ इतका झिजलाय की कधी कधी हातातून घसरतो, तरी दुसरा घ्यावासा वाटत नाही. सराफाकडे चांदीच्या भावाने महाग पडतो, म्हणून आधी घरात शोधा आणि मोठ्यांना विचारून घ्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आपली एक-दोनची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, हाफ डॉलर चिकटत नाही. परदेशातून मागवलेलं चुंबकाचं साहित्य त्यामुळे आपल्याकडे भलत्याच वेळी भलतं वागतं. दुसरी गोष्ट, चालू नाणं कापून, घासून पोकळ करून साहित्य बनवायच्या भानगडीत पडू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं तोडणं, वितळवणं गुन्हा आहे. तसल्या साहित्याची तुम्हाला अजून दोन वर्षं तरी गरजही नाही.

तळहातात नाणं धरायची पकड, क्लासिक पाम, याबद्दल सगळेच विचारतात. हस्तरेषा बघणारे ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात ते अंगठ्याच्या मुळाचं मांस, आणि समोर अनामिकेच्या मुळाखालची गादी. या दोघांच्या मधे नाणं काठाने अडकतं. हात पालथा, बोटं मोकळी. दाब इतका हलका हवा की अंगठा सहज हलला पाहिजे. अंगठा आखडून पंजा कुत्र्याच्या पायासारखा दिसायला लागला की समजा दाब जास्त झालाय. मला उजव्या हातात चार महिने लागले आणि डाव्यात जवळजवळ वर्ष. सराव वेगळा काढू नका. नाणं तळहातात ठेवून पेपर वाचा, दाराची कडी काढा, चहाचा कप उचला. फ्रेंच जादूगार रोबेर-हूदँ मूळचे घड्याळजी. कोटाच्या खिशात हात घालून चालता चालता आपण सराव करायचो, असं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या आयोवाचे टी. नेल्सन डाउन्स रेल्वेत तारयंत्रावर काम करत करत नाण्यांचे उस्ताद झाले आणि १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात फक्त नाण्यांचा खेळ घेऊन उभे राहिले. दोघांचाही सराव कामाच्या मधल्या वेळात झाला. गाडी चालवताना मात्र नको.

थंब पाम, एज पाम, बोटांमागे लपवायची पकड, हे सगळं नंतर. इंग्रजी वाचत असाल तर जे. बी. बोबो यांचं १९५२ चं मॉडर्न कॉईन मॅजिक हे एक पुस्तक पाच-सात वर्षं पुरतं. बोटांवरून नाणं फिरवणं छान दिसतं, हात मोकळे होतात, पण ते लोकांसमोर करू नका. "याचे हात फार चलाख आहेत" असं त्यांना सांगून मग नाणं गायब केलंत तर त्यांना आश्चर्य कशाचं वाटायचं?

आवाज. नाणं खणखणीत असावं असं आपण म्हणतो, पण दोन नाणी एका हातात लपवताना तोच खणखणाट घात करतो. सुरुवातीला एकाच नाण्यावर राहा. सराव गादीवर गोधडी पसरून तिच्यावर हात धरून करा, पडलेलं नाणं वाजत नाही आणि पलंगाखाली शोधावं लागत नाही. कार्यक्रमात जाड कापडाची घडी टेबलावर पसरा.

हाताचा ओलावा ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. कोकणात, मुंबईत मे महिन्यात हात इतका घामतो की नाणं चिकटून बसतं, सुटायच्या वेळी सुटत नाही. पुण्यात डिसेंबरात किंवा एसी हॉलमध्ये उलट, हात कोरडा पडतो आणि नाणं निसटतं. एका लग्नात जेवणाच्या टेबलापाशी माझ्या हातातून नाणं स्टीलच्या ताटात पडलं. आठ माणसांसमोर, ऐन खोट्या क्षणी. मी ते शांतपणे उचललं, समोरच्या गृहस्थांच्या हातात दिलं, म्हटलं "जड आहे ना?" आणि त्यांच्या हातातून परत घेऊन पहिल्यापासून सुरू केलं. कुणाला विशेष काही वाटलं नाही, कारण नाणी पडतातच. त्यानंतर मी खिशात रुमाल आणि ग्लिसरीनची छोटी बाटली ठेवतो. घामेजल्या दिवशी कार्यक्रमाआधी साबणाने हात धुतो, कोरड्या दिवशी एक थेंब ग्लिसरीन चोळतो.

आता लोकांसमोर. आधी एक गोष्ट पक्की करा : नाणं गायब करून तिथे थांबू नका. रिकामी मूठ उघडून "कुठे गेलं?" असं विचारणं म्हणजे कोडं घालणं. कोडं घातलं की मूल उत्तर शोधतं, आणि भाचीने शोधलं. तुम्ही तिला तेच करायला सांगितलं होतं. गायब झालेलं नाणं चार-पाच सेकंदांत परत दिसलं पाहिजे, आणि मधल्या वेळात तिला विचार करायला जागा नको. मूठ हळूहळू चोळा, बोटं एकेक उघडा, हात रिकामा दिसला की लगेच उजवा हात तिच्या कोपरापाशी न्या आणि नाणं बोटांच्या टोकावर आणून काढा. तोच खेळ दोनदा करू नका. "मामा, परत!" म्हणेलच. तेव्हा नाणं गायब करण्याऐवजी दुसऱ्याच कुठून तरी काढा.

मुलं मोठ्यांपेक्षा अवघड प्रेक्षक असतात. मोठा माणूस शिष्टाचार म्हणून तुमच्या नजरेमागे जातो, मूल तितकं जात नाही. त्याला हवं तिथे बघतं. मुलांना नाणं नाहीसं होण्यापेक्षा नाणं येण्यात जास्त आनंद असतो, म्हणून त्यांच्यासाठी काढण्याचे खेळ निवडा. आणि एक नियम मी कधी मोडत नाही : लहान मुलांसमोर नाणं तोंडात टाकायचा, गिळायचा खेळ करायचा नाही. आपण दाखवतो ते मूल घरी जाऊन खरं करतं. तीन-चार वर्षांचं मूल असेल त्या घरात नाणी मोजून काढायची आणि मोजून खिशात टाकायची.

बसायची जागा. आपल्या घरी कार्यक्रम म्हणजे सतरंजी, मागे काका उभे, बाजूला खिडकीत मुलं, एखादी मावशी पाठीमागून पोहे घेऊन येते. पाठ भिंतीला लावा, शक्यतो कोपऱ्यात, म्हणजे मागे आणि अगदी बाजूला कुणी राहत नाही. रस्त्यावर कापड टाकून बसणारे आपले मदारी हे काम चारी बाजूंनी माणसं असताना करत आलेत, भिंत नाही, टेबल नाही, दिवे नाहीत. त्यांचा तीन वाट्यांचा खेळ एकदा जवळून बघायला मिळाला तर सोडू नका. मी तासभर उभा राहून पाहिलाय. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर कला दाखवून पैसे मागणंही भीक मागण्यात धरलं. एवढं कसब असलेल्या माणसांना भिकारी ठरवावं, याचा मला आजही राग येतो.

कार्यक्रमात सगळ्यात जास्त परिणाम कशाचा होतो? जे बघणाऱ्याच्या स्वतःच्या हातात घडतं त्याचा. कोल्हापुरात एका लग्नात नवरीच्या आजी एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, एक गंमत दाखवू?" त्यांनी न बोलता हात पुढे केला. त्यांच्या तळहातावर एक राणी छाप रुपया ठेवला, म्हटलं, "घट्ट मिटा." दुसरा रुपया माझ्या मुठीत. खरं तर तोवर दोन्ही त्यांच्या मुठीत होते, एकाखाली एक चिकटून ठेवलेले. माझी मूठ उघडली, रिकामी. आजींनी स्वतःची मूठ उघडली. दोन रुपये. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. नाण्यावरच्या राणीच्या चेहऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्या आईकडं असले होते." मग नातीला हाक मारली. पुढची दहा मिनिटं त्या टेबलावर मी काही केलं नाही, करायची गरजही नव्हती.

हा खेळ तुम्हाला आता करता येईल. दोन दहाची नाणी, बोटांच्या टोकांवर एकामागे एक, समोरून एकच दिसेल अशी. ती एकदम समोरच्याच्या तळहातावर ठेवायची आणि त्याच क्षणी आपल्या हाताने त्याची बोटं मिटायची. आवाज होऊ द्यायचा नाही. आणि दुसरं नाणं आपल्या डाव्या मुठीत आहे हे आधी पटवलेलं असलं पाहिजे. पुन्हा तीच झाकली मूठ.

एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. डाउन्स यांनी लोकप्रिय केलेला हवेतून नाणी पकडायचा खेळ मी काही वर्षं खेड्यांत करायचो. एका गावात कार्यक्रमानंतर साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारू लागले, "कर्ज आहे डोक्यावर. आमच्या घरी येऊन एकदा कराल का?" ते थट्टा करत नव्हते. मी त्यांना तिथेच हात उघडून सगळं दाखवलं, नाणी कुठून येतात ते. पैशांचा पाऊस पाडतो म्हणून लोकांना लुबाडणारे आपल्याकडे आहेत, आणि त्यांची पहिली पायरी आपल्याच विद्येची असते. त्या दिवसापासून सुरुवातीलाच सांगतो : ही हातचलाखी आहे, सरावाने येते, माझ्याकडे कुठलीही शक्ती नाही. प्रयोगाची मजा याने तसूभरही कमी होत नाही, करून बघा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराचा दावा करून फसवणं त्यात गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असले 'चमत्कार' करून दाखवतात आणि मग कारण सांगतात, त्यातल्या काहींचे हात उत्तम आहेत. तुमच्या जवळपास कुणी असेल तर भेटा, पुस्तकापेक्षा लवकर शिकाल.

रहस्य सांगावं का? शिकायचं आहे म्हणून येणाऱ्याला मी सगळं सांगतो, तुम्हाला आत्ता सांगितलं तसं. नुसतं "कसं केलं?" म्हणून विचारणाऱ्याला सांगत नाही. सांगितलं की तो "एवढंच?" म्हणतो, आणि त्याला मिळालेली गोष्ट मी काढून घेतलेली असते.

पुढचे तीन महिने असे काढा. पहिला आठवडा खरं ठेवणं. मग दीड महिना फिंगर पाम, रोज सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री पंधरा, एकाच नाण्याने, रविवारी फोनची परीक्षा. त्यानंतर कोपरातून काढणं, आणि शेवटचे तीन आठवडे दोन नाणी एक म्हणून ठेवणं. घरच्यांवर, मित्रांवर प्रत्येकी एकदाच करून बघा. पकडलं गेलात तर "बरोबर" म्हणा आणि कुठल्या क्षणी कळलं ते विचारून वहीत लिहा. हल्ली चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड असल्यामुळे कुणाच्या खिशात नाणं नसतं, तेव्हा आपली नाणी आपण न्यायची आणि आधी समोरच्याला तपासायला द्यायची.

भाऊबीजेला बहिणीकडे जालच. भाचीला मागच्या वेळचा खेळ दाखवू नका, तिने मागितला तरी. जेवणं झाल्यावर, खोलीत फार गडबड नसताना, तिच्यासमोर खाली बसा. दहाचं एक नाणं तिला हातात घेऊन बघू द्या, हवं तेवढा वेळ, वाजवून बघू द्या. मग परत घ्या आणि तिच्या मुठीत ठेवा, दुसरं मागेच आहे. मूठ तिची तिला उघडू द्या, तुम्ही हात लावू नका. आणि दोन्ही नाणी तिलाच ठेवू द्या.